वर्गातली थंडी आणि एक शिक्षक : वॉरन जॉन्सन यांची ओळख



जानेवारीतली ग्वाल्हेरची सकाळ कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. धुके इतके दाट पडते की लष्करातून किल्ला दिसेनासा होतो. स्वेटरवर कोट, कानाला मफलर, खिशात गजकाचा तुकडा आणि वर्गात शिरताच उन्हाच्या बाजूचा बाक पकडण्यासाठी धावपळ. पूर्वेच्या खिडकीजवळ बसलेल्याला दहा वाजता छान ऊब मिळते. उत्तरेच्या भिंतीजवळचा मात्र मधल्या सुटीपर्यंत हात चोळत बसतो. मे महिन्यात त्याच्या उलट. कूलरसमोरचा गारठतो आणि कोपऱ्यातला घामाने भिजतो. एकाच शाळेत, एकाच वेळी, प्रत्येक वर्गाचे हवामान निराळे असते.

सुमारे १४० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका शिक्षकाला हीच अडचण रोज भेडसावत होती. तिच्यावर त्यांनी एक उपाय शोधला, आणि पुढे तो जगभर पसरला. आज आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंड, जर्मनी अशा थंड देशांत राहतात. तिथल्या घरांत भिंतीलगत लोखंडी किंवा पत्र्याचा रेडिएटर असतो आणि त्याच्या टोकाला १ ते ५ आकडे असलेली एक मूठ असते. आपल्याला हवी ती ऊब खोलीत राखण्याचे काम ती मूठ करते. या मुठीमागची कल्पना, म्हणजे प्रत्येक खोलीने आपली उष्णता आपणच सांभाळावी ही, प्रत्यक्षात आणणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, ते वॉरन जॉन्सन पेशाने शिक्षक होते. या अंकात त्यांची ओळख करून घेऊ.

वॉरन सेमूर जॉन्सन यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८४७ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील लेस्टर या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब पश्चिमेकडे, विस्कॉन्सिन राज्यात जाऊन राहिले. हा प्रदेश तेव्हा नुकता वसत होता. मोठ्या विद्यापीठाची पदवी त्यांच्या नशिबी नव्हती. त्यांचे बरेचसे शिक्षण स्वतःच पुस्तके वाचून आणि हाताने काम करून झाले. त्यांनी छापखान्यात काम केले, जमीन मोजणीचे काम केले, मग शाळेत शिकवू लागले आणि पुढे शाळांचे अधीक्षक झाले. छापखान्यात हात बारीक कामाला सरावतो, मोजणीत डोळा अचूक होतो आणि शिकवताना प्रत्येक गोष्टीचे कारण सांगावे लागते. या तिन्ही गोष्टी त्यांना पुढे उपयोगी पडल्या.

१८७६ साली ते व्हाइटवॉटर या गावातील स्टेट नॉर्मल स्कूलमध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाले. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा, आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयासारखी. जॉन्सन यांचे वय तेव्हा २८ वर्षांचे होते. ते विज्ञान शिकवीत आणि विजेचा त्यांना विलक्षण नाद होता. टेलिफोनचा शोध नुकताच लागला होता. एडिसनचा दिवा अजून यायचा होता. विजेबद्दल कुतूहल असलेल्या तरुण शिक्षकासाठी तो काळ मोठा उमेदीचा होता.

पण विस्कॉन्सिनचा हिवाळा! आपल्याकडे पारा चार-पाच अंशांवर आला की शाळेची वेळ बदलते. तिथे तो शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंतही उतरतो आणि बर्फ महिनोन्‌महिने वितळत नाही. त्यामुळे इमारतीच्या तळघरात मोठी भट्टी पेटलेली असे आणि तिची ऊब वर्गावर्गांत पोहोचवली जाई. ही ऊब कमी-जास्त करणाऱ्या झडपा तळघरात होत्या, वर्गात काहीच नव्हते. म्हणून शाळेचा शिपाई ठराविक वेळाने एकेका वर्गाचे दार उघडून आत येई, वर्ग गरम आहे की गार हे पाही, मग जिने उतरून तळघरात जाई आणि झडपा उघडी किंवा बंद करी. तेवढ्यात दुसऱ्या वर्गात हवा बदललेली असे.

याचे दोन परिणाम होत. एक म्हणजे शिकवण्यात वरचेवर खंड पडे. एखादा प्रयोग अगदी रंगात आला असताना दार वाजले की मुलांचे लक्ष उडाले, हे आपल्या गुरुजनांना वेगळे सांगायला नको. दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. उन्हाकडचे वर्ग तापून तिथे खिडक्या उघडाव्या लागत, म्हणजे जाळलेला कोळसा खिडकीतून बाहेर जाई; आणि वाऱ्याकडच्या वर्गात मुले कोट घालून कुडकुडत. बिचाऱ्या शिपायाचा यात दोष नव्हता. एक माणूस एकाच वेळी सगळ्या वर्गांत असू शकत नाही.

जॉन्सन यांनी या रोजच्या त्रासावर विचार सुरू केला. शिपायाने वर यावे कशाला? गार झाले की गरम, हे वर्गानेच तळघरात कळवले तर?

त्यांनी यासाठी जे तत्त्व वापरले ते तुम्ही घरी रोज पाहता. इस्त्री तापली की तिचा लाल दिवा विझतो आणि थोडी निवली की पुन्हा लागतो. जुन्या पद्धतीच्या इस्त्रीत हे काम एक छोटी दुधातूची पट्टी करते. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, पण सगळे सारखे नाही. एक पट्टी जास्त लांब होते, दुसरी कमी, आणि दोघी जोडलेल्या असल्यामुळे जोडपट्टी एका बाजूला वाकते. वाकली की विजेचा संपर्क तुटतो, निवून सरळ झाली की पुन्हा जुळतो. जॉन्सन यांनी अशीच जोडपट्टी गुंडाळीच्या आकारात वर्गात बसवली आणि तिला पाऱ्याचा विद्युत-संपर्क जोडला. वर्गाचे तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की संपर्क जुळे आणि तळघरात घंटा वाजे. घंटा वाजली की भट्टीवरचा माणूस झडप उघडी किंवा बंद करी. वर्गाचे दार उघडण्याची गरज उरली नाही.

२४ जुलै १८८३ रोजी या उपकरणाचे पेटंट त्यांना मिळाले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुधातूची पट्टी ही जॉन्सन यांची कल्पना नव्हती. अँड्र्यू यूर नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्येच तशा उपकरणाचे पेटंट घेतले होते, आणि थर्मोस्टॅट हा शब्दही त्यांनीच रूढ केला. जॉन्सन यांचे श्रेय निराळे आहे. त्यांनी ती पट्टी राहत्या, वावरत्या खोलीच्या भिंतीवर आणली आणि विजेच्या साहाय्याने तिचा निरोप दूरवर पोहोचवला.

आता जॉन्सन यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. हातात कायमची नोकरी होती, मानाचे पद होते. शोधाच्या मागे लागायचे तर ते सोडावे लागणार होते, आणि एका घंटेच्या जोरावर संसार चालेल याची खात्री कोण देणार? त्याच सुमारास मिलवॉकी शहरातील विल्यम प्लँकिंटन या श्रीमंत गृहस्थाने त्यांच्या शोधात रस घेतला आणि भांडवल पुरवले. जॉन्सन यांनी शिक्षकी सोडली आणि मिलवॉकीला बिऱ्हाड हलवले. १८८५ साली जॉन्सन इलेक्ट्रिक सर्व्हिस कंपनी स्थापन झाली. नावात सर्व्हिस हा शब्द मुद्दाम होता. उपकरण विकून मोकळे व्हायचे नाही, आपल्या शिकवलेल्या माणसांनीच ते बसवायचे, असा जॉन्सन यांचा आग्रह होता. चांगले यंत्र वाईट बसवले तर दोष यंत्रालाच लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

घंटेच्या युक्तीत एक उणीव राहिली होती. घंटा वाजल्यावर झडप फिरवायला शेवटी माणूसच लागे. भट्टीवरचा माणूस जेवायला गेला किंवा डुलकी लागली की वर्ग पुन्हा तापायचा. ती झडप आपोआप कशी फिरेल यावर जॉन्सन यांनी पुढची कित्येक वर्षे खर्ची घातली. तोपर्यंत मोठ्या इमारतींत वाफेवर चालणारे रेडिएटर आले होते. तळघरातल्या बॉयलरची वाफ नळांतून खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये येते, तिथे आपली उष्णता खोलीला देते आणि पाणी होऊन परत जाते. प्रत्येक रेडिएटरला वाफेची झडप असते. ती फिरवायला बऱ्यापैकी जोर लागतो, आणि वाकणाऱ्या नाजूक पट्टीत तो जोर नसतो.

जॉन्सन यांनी तो जोर दाबलेल्या हवेकडून घेतला. १८९५ साली त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. तिचे काम थोडक्यात असे. इमारतीत एका ठिकाणी हवा दाबून ठेवायची आणि बारीक नळीने ती खोल्याखोल्यांत न्यायची. खोलीच्या भिंतीवर थर्मोस्टॅट, त्यात ती पट्टी आणि पट्टीसमोर हवा सुटण्याचे सुईएवढे छिद्र. खोली गार असली की छिद्र मोकळे राहते, हवा निसटते, नळीतला दाब कमी असतो आणि रेडिएटरची झडप उघडी राहून वाफ आत येते. खोली पुरेशी तापली की पट्टी वाकून छिद्र झाकते. हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही, दाब वाढतो, तो झडपेवरचा लवचिक पडदा ढकलतो आणि वाफ बंद होते. तुम्ही सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दट्ट्या दाबून पाहा. बोटाच्या जराशा हालचालीने केवढा जोर अडतो आणि सुटतो, हे हाताला कळेल.

आता तळघरात पळणारे कोणी लागत नव्हते. पन्नास खोल्यांच्या इमारतीत पन्नास निरनिराळी तापमाने राखता येऊ लागली, दिवसा आणि रात्रीही. अमेरिकेचे संसदभवन, स्मिथसोनियन संस्था, उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे निवासस्थान अशा ठिकाणी जॉन्सन यांची यंत्रणा बसली. २००८ मध्ये अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने या पद्धतीचा ऐतिहासिक अभियांत्रिकी वारसा म्हणून गौरव केला.

इतके यश मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. जॉन्सन यांचा स्वभाव तसा नव्हता. त्यांच्या नावावर पन्नासाहून अधिक पेटंटे आहेत. दाबलेल्या हवेवर त्यांनी मनोऱ्यांवरची अजस्र घड्याळे चालवली. फिलाडेल्फियाच्या नगरभवनावरील घड्याळ त्यांच्याच कंपनीचे, आणि त्याच्या तबकड्या लंडनच्या बिग बेनहूनही मोठ्या आहेत. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनासाठी त्यांच्या कंपनीने फुलझाडांचे प्रचंड घड्याळ तयार केले. मार्कोनी बिनतारी संदेश पाठवत होता, तेव्हा जॉन्सन यांनीही त्यात उडी घेतली. नंतर मोटारगाड्या बनवल्या आणि मिलवॉकीत टपाल वाहून नेण्याचे कामही मिळवले.

यातल्या प्रत्येक गोष्टीत बुद्धी होती, पण पैसा आणि वेळ विभागला जात होता. बिनतारी संदेशाच्या कामात दुसरे पुढे गेले. मोटारींच्या धंद्यातही त्यांच्या गाड्या टिकल्या नाहीत. वयाची साठी उलटली तरी जॉन्सन यांचा उत्साह कमी झाला नव्हता. ५ डिसेंबर १९११ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते.

त्यांच्यानंतर हॅरी एलिस कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी मोटारी आणि इतर उद्योग बंद केले आणि एकच काम ठेवले, ते म्हणजे खोल्यांचे तापमान सांभाळण्याचे. ज्या कामाचे मूळ व्हाइटवॉटरच्या वर्गात होते, त्याच कामावर कंपनी पुढे उभी राहिली. १९७४ साली तिचे नाव जॉन्सन कंट्रोल्स झाले. आज या कंपनीचे अभियंते आपल्या पुण्यातही काम करतात.

मग सुरुवातीला सांगितलेली ती १ ते ५ आकड्यांची मूठ कुठून आली? जॉन्सन यांच्या पद्धतीला हवेच्या नळ्या आणि हवा दाबणारे यंत्र लागे. शाळा, कचेऱ्या, हॉटेले यांना ते परवडे, साध्या घराला नाही. पुढचे पाऊल डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन (१९०५–१९६६) यांनी टाकले. १९३३ साली त्यांनी आई-वडिलांच्या शेतघरात छोटा कारखाना सुरू केला होता. तोच पुढे डॅनफॉस या नावाने प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, त्यांनी रेडिएटरवरच बसणारा थर्मोस्टॅट शोधला. या मुठीत एक बंद डबी असते. तिच्यात मेण, द्रव किंवा वायू भरलेला असतो. खोलीतली हवा तापली की तो पदार्थ फुगतो आणि एक खिळ ढकलून गरम पाण्याची वाट अरुंद करतो. हवा गार झाली की तो आकसतो, स्प्रिंग खिळ मागे सारते आणि गरम पाणी पुन्हा वाहू लागते. साध्या मुठीला ना वीज लागते, ना नळी. झडप, भिंतीवरची पट्टी आणि भट्टीवरचा माणूस या तिघांचे काम ती मुठीएवढी वस्तू करते.

ज्या पालकांची मुले थंड देशात राहतात, किंवा जे स्वतः हिवाळ्यात मुलांकडे जाणार आहेत, त्यांच्यासाठी दोन-चार उपयोगी गोष्टी सांगतो. मुठीवरचे आकडे वेगाचे नसून तापमानाचे असतात. बऱ्याच मुठींवर ३ म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस आणि पुढचा-मागचा आकडा म्हणजे सुमारे चार अंशांचा फरक. गारठून घरात आल्यावर मूठ एकदम ५ वर नेली तरी खोली २० अंशांवर काही लवकर पोहोचत नाही. ती तेवढ्याच वेळात पोहोचते, पण तिथे थांबत नाही, तापतच राहते, आणि बिल आपल्याला येते. मुठीवर जाड पडदा पडला किंवा तिच्यासमोर सोफा सरकवला तर तिच्याभोवती गरम हवा कोंडते. खोली तापली असे समजून ती पाणी बंद करते आणि आपण मात्र खोलीत कुडकुडतो. खिडकी उघडून मुठीवर थंड वारा आला तर उलटे होते, रेडिएटर पूर्ण जोरात चालू लागतो. म्हणून खिडकी उघडण्यापूर्वी मूठ शून्यावर किंवा बर्फाच्या फुलीचे चिन्ह असते तिथे आणावी. त्या फुलीवर ठेवल्यास खोली सुमारे सहा-सात अंशांखाली जात नाही, त्यामुळे आपण गावाला गेलो तरी नळातले पाणी गोठत नाही. आणि ज्या खोलीत सगळ्या घराचा मुख्य थर्मोस्टॅट भिंतीवर असेल, तिथल्या रेडिएटरची मूठ पूर्ण उघडी ठेवावी. नाहीतर दोघांची ओढाताण होते.

ग्वाल्हेरला आपल्या घरांत रेडिएटर नाहीत. थंडीत आपण उन्हात खाट टाकतो, रात्री शेगडी पेटवतो. उन्हाळ्यात वाळ्याचे ताटे भिजवून किंवा कूलर लावून लूला तोंड देतो. पण फ्रिज ठराविक वेळाने गुरगुरून थांबतो, गीझरचा दिवा विझतो, एसीचा आवाज मध्येच बदलतो, तेव्हा तिथेही कोणीतरी आपल्यासाठी तापमान पाहून झडप किंवा कळ फिरवत असते. शाळेतला शिपाई जे जिने चढून-उतरून करीत होता, तेच हे काम.

विद्यार्थी मित्रांनो, जॉन्सन यांच्यासारखी सुरुवात तुम्हालाही करता येईल, आणि तिला पैसे लागत नाहीत. विज्ञानाच्या सरांना विचारून एक साधे थर्मामीटर घ्या. एक आठवडाभर सकाळी प्रार्थनेनंतर, मधल्या सुटीत आणि शाळा सुटताना तीन निरनिराळ्या वर्गांचे तापमान वहीत लिहा. थर्मामीटरवर थेट ऊन पडू देऊ नका आणि प्रत्येक वेळी ते वर्गाच्या मध्यभागी, सारख्याच उंचीवर धरा. कोणता वर्ग किती वाजता किती अंशांवर होता, आणि त्याची खिडकी कोणत्या दिशेला आहे, याचा तक्ता करा. कोणत्या इयत्तेने सकाळी कोणत्या खोलीत बसावे, हे त्या तक्त्यावरून ठरवता येते का, ते पाहा. चांगले तक्ते पुढच्या अंकात छापू.